जुन्या जीपचं इंजिन माउंटिंग बदलताना: पहिल्या मापापासून शेवटच्या आवळणीपर्यंत

माउंटिंग म्हणजे इंजिन चेसिसवर ज्यावर टेकतं ते रबर. ते बदलणं म्हणजे फाटलेली दोन रबरं काढून दोन नवी घालणं, असं धरून काम केलं की बहुतेक वेळा तीच जीप काही महिन्यांत त्याच तक्रारीसाठी परत येते. रबर फाटतं ते त्याच्यावर चुकीचा ताण येतो म्हणून. ब्रॅकेट वाकलेलं असतं, भोक लांबट झालेलं असतं, मागचं माउंटिंग आधीच बसलेलं असतं किंवा इंजिनच मूळ जागेवरून सरकलेलं असतं. त्यामुळे खरं काम आहे ते इंजिन जिथं असायला हवं तिथं परत आणण्याचं. नवं रबर ही त्यातली शेवटची पायरी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात आजही कामाला असलेल्या जुन्या महिंद्रा जीप क्वचितच मूळ अवस्थेत असतात. हरिकेन पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी २११२ सीसीचं प्यूजो डिझेल किंवा २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलेलं असतं. ब्रॅकेट गावातल्या वेल्डिंगवाल्याने जागेवर माप घेऊन केलेली असतात. कंपनीचं मॅन्युअल अशा गाडीला अर्धंच लागू पडतं. म्हणून हा लेख मूळ माउंटिंग असलेल्या आणि ब्रॅकेट घरी केलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या जीपसाठी आहे.

दोष खरंच माउंटिंगचा आहे का

क्लच सोडताना 'ठक्क' असा आवाज येतो, गिअर लिव्हर हातभर नाचतो, चढाला पंखा काउलला (पंख्याभोवतीच्या कड्याला) घासतो, सायलेन्सरचा पाइप फ्लँजपाशी पुन्हा पुन्हा तडकतो, आयडलला बॉनेट आणि आरसे थरथरतात. ही माउंटिंग गेल्याची लक्षणं आहेत. पण यातली निम्मी लक्षणं दुसऱ्या कारणानेही दिसतात.

चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर आयडल होत असेल तर सेकंदाला २५ वेळा ज्वलन होतं. चारांपैकी एक सिलिंडर मेलेला असला तर ही लय मोडते आणि चांगल्या रबरावरचं इंजिनही जोरात हलतं. म्हणून आधी इंजेक्टरच्या पाइपचे नट एकेक करून, फडकं धरून, किंचित सैल करून बघा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोट फवाऱ्याजवळ न्यायचं नाही. इंजेक्टरच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते. युनिव्हर्सल जॉइंटची ढिलाई आणि क्लच प्लेटच्या स्प्रिंगा हे पुढचे दोन संशयित. जॉइंट हाताने फिरवून लगेच कळतो.

हे सगळं बाजूला पडलं की माउंटिंगची परीक्षा दोन प्रकारे करा.

पहिली, इंजिन बंद ठेवून. रबरावरची माती ब्रशने साफ करा आणि टॉर्च मारून बघा. काळी रबराची भुकटी साचलेली असेल तर आत घर्षण चालू आहे. रबर मऊ, फुगीर आणि चकचकीत दिसत असेल तर त्यावर डिझेल किंवा ऑइल पडतंय. नैसर्गिक रबराला डिझेल अजिबात सोसत नाही. ते फुगतं आणि धातूवरची पकड सोडतं. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपची गळती थांबवल्याशिवाय नवं रबर घालू नका. त्यानंतर ब्लॉकचं ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचला. रबर आणि लोखंडी प्लेट यांच्यामध्ये फट उघडली तर बाँड, म्हणजे रबराची धातूवरची चिकटण, सुटलाय. वरून अखंड दिसणारं रबरही असं सुटलेलं असू शकतं.

दुसरी, इंजिन चालू ठेवून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जाणता माणूस सीटवर बसून फूटब्रेक पूर्ण दाबून ठेवेल आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच फक्त चावेपर्यंत सोडेल. बघणारा बाजूला उभा राहील, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन एका बाजूने बोटभराहून जास्त उचलत असेल तर त्या बाजूचं रबर गेलं म्हणून समजा. हीच परीक्षा रिव्हर्समध्येही करा.

डावं रबर आधी का फाटतं

हे नीट समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. समोरून पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. पुढच्या गिअरमध्ये त्याची उलट प्रतिक्रिया ब्लॉकवर येते. ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं तर इंजिनाची उजवी बाजू खाली दबते आणि डावी वर उचलते. म्हणजे उजवं रबर दाबलं जातं आणि डावं ताणलं जातं. रबर दाब भरपूर सोसतं, ताण फार कमी.

हा ताण किती असतो? इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) एकमेकांना बोल्टने जोडलेले असल्यामुळे माउंटिंगवर नुसत्या इंजिनाचा टॉर्क येत नाही. गिअरने वाढलेला सगळा टॉर्क येतो. ढोबळ हिशेब करा. इंजिनाचा टॉर्क १२ किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर साडेतीन पट, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू, जास्त जोराचा गिअर) अडीच पट. गुणाकार येतो १०५ किलोग्रॅम-मीटर. पुढच्या दोन माउंटिंगमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर एका बाजूला २१० किलो दाब वाढतो आणि दुसऱ्या बाजूला तितकाच उचलायला लागतो. त्या बाजूला बसलेलं इंजिनाचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. ते वजा जाऊनही रबर शंभर किलोने वर ओढलं जातं. जांबोटीच्या चढावर लाकूड भरलेली ट्रॉली लो रेंजमध्ये ओढणारी जीप हेच रोज करते. चिकोडी-रायबागकडच्या काळ्या मातीत रुतलेली जीप मागे-पुढे करून काढताना तर ताण प्रत्येक वेळी बाजू बदलतो, आणि तो सगळ्यात वाईट.

काय काय लागेल

पुढची दोन्ही आणि मागचं, अशी सगळी माउंटिंग एकदमच बदला. एक नवं आणि एक बसलेलं असं ठेवलं तर इंजिन तिरकं राहतं, आणि नवं रबर कडक असल्यामुळे जास्त भार तेच घेतं. मागच्या क्रॉस मेंबरवर गाडीप्रमाणे एक किंवा दोन रबरं असतात. आधी वाकून मोजा, मग दुकानात जा.

रबराबरोबर सगळे बोल्ट नवे घ्या आणि डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेलेच घ्या. साध्या हार्डवेअरच्या बोल्टवर हा आकडा नसतो, आणि ते आवळताना लांबतात. जाड सपाट वायसर, धातूचे लॉक नट, कट पिन, पॅकिंगसाठी १ आणि २ मिमीच्या पत्र्याच्या शिम. नायलॉनवाले लॉक नट एक्झॉस्टच्या बाजूला वापरू नका. १२० अंशांच्या वर नायलॉन मऊ पडतं आणि नट मोकळा होतो.

आट्यांकडे फार लक्ष द्या. जुन्या जीपमध्ये, विशेषतः इंजिन बदललेल्या जीपमध्ये, इंची आणि मिलिमीटरचे आटे एकाच ब्रॅकेटवर सापडतात. ३/८ इंचाचा बोल्ट १० मिमीच्या नटात सैल जातो, दोन-तीन आटे पकडल्यासारखा वाटतो आणि भार आला की आटे सोलून बाहेर येतो. जुना बोल्ट काढला की त्याला आटे मोजायची पट्टी लावा आणि ज्या भोकातला असेल त्याच भोकाच्या नावाने पिशवीत ठेवा.

दुकानात रबर घेताना दोन्ही नग शेजारी सपाट काचेवर ठेवा. उंचीत १ मिमीहून जास्त फरक नको. नखाने दाबून बघा, दोन्ही सारखेच दबले पाहिजेत. रबर-मापी असेल तर शोर ए या रबराच्या कडकपणाच्या मापावर ५० ते ६० ही जीपच्या कामाला बरी मर्यादा. रबर आणि धातूच्या जोडावर रंगाचा जाड थर असेल तर तो नग परत करा, कारण नेमकी बघायची जागा त्या रंगाने झाकलेली असते. बेळगावात न मिळालेलं कोल्हापूरला मिळतं. जुना नग सोबत नेला तर भोकांचं अंतर जुळवताना वाद होत नाही.

साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे किंवा ट्रकच्या टायरचे तुकडे कापून माउंटिंग करण्याची पद्धत या भागात सर्रास आहे. आमचं मत स्पष्ट आहे: घरी पोचेपर्यंत ठीक, त्यापुढे नाही. त्या तुकड्यांत कापडाचे किंवा तारेचे थर असतात, त्यामुळे ते जवळजवळ दबतच नाहीत. रबर जितकं कडक तितकी इंजिनाची त्यावरची स्वतःची थरथर जास्त वेगाची. इंजिनाच्या धक्क्यांचा वेग या स्वतःच्या थरथरीच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेला तरच रबर कंप अडवतं. त्याच्या खाली ते कंप वाढवतंच. आयडलचे २५ धक्के अडवायचे असतील तर रबरावरची थरथर सेकंदाला १७ वेळांपेक्षा कमीच हवी. बेल्टच्या तुकड्यावर ती त्यापेक्षा बरीच वर जाते आणि सगळा कंप चेसिसला जातो. रेडिएटरचे टाके सुटतात, डॅशबोर्डच्या तारा घासतात, ब्रॅकेट तडकतं. शिवाय सुटा तुकडा ताण घेऊच शकत नाही. डावी बाजू उचलली की बोल्टवर आदळते.

काढण्याआधीची मापं

हा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. सपाट फरशीवर गाडी, चारही टायरमध्ये सारखी हवा. पंख्याचं एक पातं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेऊन रेडिएटरच्या जाळीपर्यंतचं अंतर मोजा. काउल असेल तर पात्याच्या टोकापासून काउलचं अंतरही. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) ते फ्लोअर, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ते पुढचा ॲक्सल, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ते स्टिअरिंग शाफ्ट. व्हॉल्व्ह कव्हरच्या सपाट कडेवर कोनमापक ठेवून इंजिनाचा पुढे-मागे उतार. प्रॉपेलर शाफ्टचा कोन. सगळं वहीत लिहा, फोटोही काढा.

मात्र ही मापं बसलेल्या माउंटिंगची आहेत, हे विसरू नका. मूळ जागा शोधायला दुसरे पुरावे लागतात. ज्या जीपच्या जाळीत आणि बंपरमध्ये हँडल मारायचं भोक आहे, आणि इंजिन मूळचंच आहे, तिथं हँडल सरळ आत जाऊन क्रँक पुलीच्या नटाला मध्यावर लागलं पाहिजे. हँडल नटाच्या मध्याच्या वर लागत असेल तर तितकं इंजिन बसलंय असं समजा. इंजिन बदललेलं असेल तर हा पुरावा निकामी. तिथं पंख्याचा मध्य आणि रेडिएटरचा मध्य, आणि त्याहून जास्त प्रॉपेलर शाफ्टचे कोन, यांच्यावर भिस्त ठेवा.

उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. मग इंजिनाला आणि चेसिसला जोडणारं जे जे कडक आहे ते सोडवा: सायलेन्सर पाइपचा फ्लँज, रेडिएटरची वरची होज, काउलचे बोल्ट, ॲक्सिलरेटरची दांडी, क्लचची दांडी, एअर क्लीनरची होज, गिअर लिव्हरचं रबरी बूट. काही जुन्या जीपला इंजिन पुढे सरकू नये म्हणून क्रॉस मेंबरला बांधलेली स्टे केबल असते, तीही. इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थ पट्टी काढली तर तिथं लाल फडकं बांधून ठेवा. ती परत लावायला विसरलात तर स्टार्टरचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा क्लचच्या दांडीतून वाट काढतो आणि केबल क्षणात लाल होते.

इंजिन उचलायला वरून चेन ब्लॉक उत्तम, एक टनाचा पुरतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून वजन तीनशे किलोच्या आसपास भरतं. खालून जॅक लावायचाच असेल तर संपच्या मध्यावर नको. पत्र्याचा संप आत दबतो, ऑइल पंपाची जाळी झाकली जाते आणि पुढे इंजिन ऑइलविना चालतं. सुमारे ३०० बाय २०० मिमीची, ४० मिमी जाडीची फळी संपच्या कडांवर टेकेल अशी ठेवा. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक स्वतंत्र. चेसिस स्टँडवर असू द्या आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या इंजिनाखाली हात किंवा डोकं घालू नका.

सगळे नट आधी फक्त सैल करा. मग इंजिन १० ते १५ मिमीच उचला, त्यापेक्षा जास्त नाही. जास्त उचललं तर मागे ट्रान्सफर केस फ्लोअरला टेकतो आणि इंधनाचे पाइप ताणले जातात. एका वेळी एकच बाजू मोकळी करा, म्हणजे इंजिन आडवं सरकणार नाही. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर बोल्ट तुटण्याची वेळ कमी येते. ब्लॉकमध्ये तुटलेला बोल्ट काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं, आणि तिथं दिवस जातो.

ब्रॅकेट आणि चेसिसची तपासणी

रबरं बाहेर आली की ब्रॅकेट काढून रॉकेल आणि वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. बेळगावचं उद्यमबाग फाउंड्री आणि मशीनिंगचंच गाव. तिथं डीपी टेस्टचे (रंग मुरवून तडा दाखवणाऱ्या तपासणीचे) तीन डबे सहज मिळतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. साफ केलेल्या ब्रॅकेटवर लाल मारा, १० ते १५ मिनिटं थांबा. मग क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. क्लीनर थेट फवारू नका, तड्यातला लाल रंगही धुऊन जाईल. वर पांढरा थर द्या. तडा असेल तर लाल रेघ वर येते. वेल्डच्या कडेला, वाकवलेल्या कोपऱ्यात आणि भोकाभोवती बघा. ब्रॅकेट तडकतात ती याच तीन जागी.

तडा ब्रॅकेटला असेल तर नवं ब्रॅकेट करणं चांगलं. चेसिसला असेल तर तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक मारा म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग ग्राइंडरने व्ही खाच काढून भरा, सपाट करा आणि वरून पट्टी लावा. पट्टीची टोकं चौकोनी ठेवू नका, निमुळती करा. चेसिसच्या आडव्या रेषेत टोकापासून टोकापर्यंत वेल्ड मारला तर पुढचा तडा त्याच वेल्डच्या कडेने जातो. वेल्ड लांबीच्या दिशेने मारा.

लांबट झालेलं भोक मोठा बोल्ट घालून भागवू नका. भोक १ मिमीहून जास्त लांबट असेल तर ६ मिमी जाडीची, ४० मिमी व्यासाची चकती वेल्ड करून त्यात मापाचं भोक पाडा. १० मिमी बोल्टला साडेदहा, १२ मिमीला साडेबारा ते तेरा.

चेसिसचा तो भाग चारही बाजूंनी बंद पेटीचा असेल आणि बोल्ट आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला. नळी नसली तर बोल्ट आवळताना पेटी दबत जाते. हाताला घट्ट लागतं, पण आवळणी पत्र्याच्या स्प्रिंगवर बसलेली असते आणि चार दिवसांत सैल होते.

ब्रॅकेट नवं करायचं असेल तर

६ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, आणि ज्या कोपऱ्यात वाकण्याचा जोर येतो तिथं आधाराला त्रिकोणी तुकडा (गसेट). ब्लॉकवर किमान तीन, शक्यतो चार १० मिमीचे बोल्ट. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट किमान १५ मिमी आत गेला पाहिजे, पण भोकाच्या तळाला टेकता कामा नये. भोकाची खोली तारेने मोजा, ब्रॅकेटची जाडी आणि वायसर मिळवा, त्यातून बोल्टची लांबी ठरवा. तळाला टेकलेला बोल्ट टॉर्क रेंचवर बरोबर आकडा दाखवतो आणि ब्रॅकेट मात्र मोकळंच राहतं. घरी केलेल्या कामात ही चूक फार आढळते.

रबरं सपाट ठेवण्यापेक्षा आतल्या बाजूला झुकवून, सुमारे ४५ अंशांत बसवली तर इंजिनाचं डोलणं बरंच आवरतं, कारण उचलण्याचा ताण रबरावर सरळ न येता तिरका, घासणीच्या दिशेने येतो. पण मूळ चेसिस ब्रॅकेट सपाट असतील तर एकच बाजू झुकवू नका. दोन्ही सारख्याच कोनात हव्यात.

मध्यातून आरपार जाणारा बोल्ट आणि त्याच्या खाली रबराहून मोठा जाड वायसर अशी रचना ठेवा. रबर पूर्ण फाटलं तरी इंजिन ब्रॅकेटमधून सुटत नाही. आमच्या दृष्टीने ही सुरक्षितता ऐच्छिक नाही. ज्या रबराच्या दोन्ही बाजूंना फक्त चिकटवलेले स्टड असतात त्यांच्या डाव्या बाजूला उचल अडवणारी छोटी साखळी किंवा पट्टा लावा. आयडलला त्यात १० ते १२ मिमी सैल असावा, नाहीतर साखळीच कंप चेसिसला नेते.

एक्झॉस्टपासून रबर किमान ५० मिमी लांब. तितकी जागा नसेल तर १ मिमी पत्र्याची ढाल, आणि ढाल व रबर यांच्यामध्ये हवेची फट.

जागा धरण्यासाठी टाके मारताना नवं रबर आत ठेवायचं नाही. वेल्डच्या उष्णतेने बाँड जळतो आणि वरून काही दिसत नाही. त्याऐवजी लाकडाचा किंवा लोखंडाचा डमी ठोकळा वापरा. त्याची उंची नव्या रबराच्या मोकळ्या उंचीपेक्षा ३ मिमीने कमी ठेवा, कारण वजन आल्यावर रबर साधारण इतकं बसतं. टाके मारून झाल्यावर सगळी मापं पुन्हा घ्या. समाधान झालं की ब्रॅकेट बाहेर काढून टेबलावर पूर्ण वेल्ड करा.

वेल्डिंगच्या ३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडला १०० ते १२० अँपिअर पुरतो. ७०१८ रॉडचा जोड जास्त चिवट, पण तो कोरडाच हवा. खानापूरच्या पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला ७०१८ हवेतलं पाणी ओढतो आणि वेल्डमध्ये अदृश्य तडे पाडतो. ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांत भाजून घेता येत नसेल तर ६०१३ बरा. चेसिसवर वेल्ड करताना बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या तारा काढा. अर्थचा चिमटा वेल्डच्या वीतभर अंतरावर, घासून साफ केलेल्या जागी लावा. चिमटा इंजिनावर आणि वेल्ड चेसिसवर असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर जळके ठिपके पडतात.

बसवणं आणि आवळणं

मागचं माउंटिंग आधी, हाताने. मग पुढची दोन्ही. सगळे नट पूर्ण आट्यांत, पण न आवळता. जॅक किंवा चेन ब्लॉक हळूहळू सोडून पूर्ण वजन रबरावर येऊ द्या. कुठलंही भोक पहारीने ओढून जुळवावं लागत असेल तर थांबा. ओढून बसवलेलं रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेलं राहतं. फरक उंचीचा असेल तर दोन्ही बाजूंना शिम घाला. आडवा असेल तर ब्रॅकेट चुकलंय.

होज, इंधनाचे पाइप, अर्थ पट्टी जोडा. न्यूट्रलमध्ये इंजिन दोन मिनिटं आयडल चालवून बंद करा. इंजिन स्वतःची जागा घेतं. आता आवळा, आधी मागचं, मग पुढची दोन्ही आळीपाळीने. ८.८ च्या १० मिमी बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० ते ८५. ३/८ इंचाच्या ग्रेड ५ बोल्टला ४२ ते ४७. रबरात चिकटवलेल्या १० मिमी स्टडला मात्र ३५ च्या आसपासच, आणि दुसऱ्या पान्याने प्लेट धरून. स्टड फिरला की आतला बाँड पिळला जातो. कोरड्या, तेल न लावलेल्या आट्यांसाठी हे आकडे आहेत.

सायलेन्सरचा फ्लँज सगळ्यात शेवटी आवळा. आधी आवळला तर पाइपच चौथं माउंटिंग बनून इंजिन ओढत राहतो, आणि पुढच्या ठिकाणी तो तडकतो.

आता वही काढा. पंखा ते रेडिएटर सगळीकडे किमान २० मिमी, जमलं तर २५. ब्रेक जोरात लागला की इंजिन पुढे झुकतं, म्हणून ही जागा लागते. संप आणि ॲक्सल यांच्यातली जागा स्प्रिंगा पूर्ण दबल्यावर मोजा, उभ्या गाडीत नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन एकमेकांपासून एका अंशाच्या आत हवेत. जास्त फरक असेल तर ठराविक वेगावर गुरगुर येते आणि दोष नव्या रबरांवर जातो. मागच्या माउंटिंगखाली १ ते ३ मिमीची शिम घालून हा कोन सुधारतो. चारही गिअर, रिव्हर्स आणि लो रेंज टाकून लिव्हर फ्लोअरला कुठे टेकतो का बघा. क्लचची फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) परत लावा. इंजिन वर आल्यामुळे ती बदललेलीच असते.

प्रत्येक नटावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे पान्याशिवाय कळतं.

पहिल्या फेऱ्या

रिकामी गाडी आधी सपाटीवर, मग चढाला. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरने चढ, आणि तोच चढ रिव्हर्सने. परत आल्यावर काउलवर ताजी ओरखड आहे का, होज कुठे घासलीय का हे बघा. क्लच सोडताना जीप उड्या मारत असेल आणि क्लच दांडीचा असेल, तर इंजिन हलताना दांडीच क्लच ओढते-सोडते आहे. अशा वेळी मागचं माउंटिंग किंवा स्टे केबल तपासा. आयडलला कंप पूर्वीपेक्षा वाढला असेल तर रबर फार कडक आहे, किंवा धातूला धातू कुठेतरी टेकलाय. ब्रॅकेटच्या कडेभोवती कागदाची पट्टी फिरवली की टेकलेली जागा सापडते.

१०० किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि १००० नंतर आणखी एकदा. नवी रबरं या काळात २ ते ३ मिमी बसतात, त्यामुळे पंख्याची मापंही परत घ्या. पावसाळा संपल्यावर ब्रॅकेटच्या खळग्यात साचलेली खानापूरकडची तांबडी किंवा अथणीकडची काळी माती पाण्याने धुऊन काढा. ओल धरून ठेवणारी ही माती वेल्डच्या कडेला गंज धरते. धुतल्यावर रबरांवर डिझेल, ऑइल किंवा ग्रीस मारायचं नाही.

कागदपत्रांचा एक मुद्दा उरतो. इंजिन बदललेल्या जीपला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याकडून त्या बदलाची नोंद लागते. बेळगावची केए २२ असो वा चिकोडीची केए २३, आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. इंजिन उचललेलं असताना हा नंबर सहज दिसतो. तेव्हाच तो साफ करून फोटो काढून ठेवा, कारण सगळं जोडल्यावर काही जीपमध्ये तिथं टॉर्चही पोचत नाही.